आफ्रिकेतील रानम्हैस : कळप कोण चालवते आणि एकटा रेडा का बिथरतो

विचारलेला प्रश्न असा आहे : केनियातील मसाई मारा या अभयारण्याच्या सहलीत वाटाड्याने बजावले की, गाडीतून उतरल्यावर सिंहापेक्षा एकट्या रेड्याचे भय अधिक धरावे. गवत खाणारे जनावर इतके आक्रमक का असते? शेकडो म्हशींच्या कळपाला कोणी पुढारी असतो का? सिंहाच्या तोंडातून रेडकू सोडवायला कळप खरोखर धावून जातो का? आणि पायी फिरताना असा रेडा समोर आलाच, तर काय करावे?

वन्यप्राण्यांच्या गणनेत काही काळ काम करून पुढे मी केनिया आणि टांझानियात पाहुण्यांना जंगल दाखवण्याच्या व्यवसायात पडलो. त्या अनुभवावरून सांगतो की, या चारही प्रश्नांचे मूळ एकच आहे. रानम्हशीच्या वागण्याला आपण राग, सूड, शौर्य अशी माणसांची नावे देतो. प्रत्यक्षात तिचे बहुतेक वागणे गवताचा कस, पाण्याचे अंतर आणि अंगाशी अंग लावून उभ्या असलेल्या सोबत्यांची संख्या यांवरून ठरते. यातली तिसरी गोष्ट नाहीशी झाली की तोच प्राणी निराळा वागू लागतो. म्हणून एकट्या रेड्याकडे वळण्याआधी कळप समजून घेणे भाग आहे आणि कळपाआधी गवत.

एक गल्लत आधीच दूर करतो. आफ्रिकेतील रानम्हैस ही आपल्या गोठ्यातल्या म्हशीची पूर्वज नव्हे. आपल्या म्हशीचा रानटी वंश आशियाई आहे. तो आज मुख्यतः आसामात, थोडा छत्तीसगडात आणि गडचिरोलीच्या कोलामार्का भागात अगदी मोजक्या संख्येने उरला आहे. राधानगरी-दाजीपूरचा गवा तर गाईबैलांच्या जवळचा. आफ्रिकेतील प्राणी म्हणजे सिन्सेरस काफर ही स्वतंत्र प्रजाती असून ती आजवर कोणालाही माणसाळवता आलेली नाही. तिच्यातही प्रकार आहेत : मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या दाट जंगलात तांबूस रंगाची, जेमतेम तीनशे किलोची लहानखुरी म्हैस राहते, तर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ माळावर काळी, थोराड ‘केप’ म्हैस राहते. इथे मी फक्त या दुसरीविषयी लिहितो आहे. तिचा पूर्ण वाढलेला रेडा सातशे-आठशे किलोंपर्यंत भरतो, मादी त्याहून बरीच हलकी असते. रेड्याच्या दोन्ही शिंगांची बुडे कपाळावर पसरून एकमेकांना भिडतात आणि त्यांचे जाड, खडबडीत कवच तयार होते. हे कवच पुरते टणक व्हायला सात-आठ वर्षे लागतात. तोवर दोन शिंगांच्या मधोमध केसाळ, मऊ पट्टा दिसतो, आणि दुर्बिणीतून रेड्याचे वय ताडायचे तर मी पहिल्यांदा तिथेच पाहतो.

आता गवत. माळावरच्या चरणाऱ्या प्राण्यांत प्रत्येकाच्या तोंडाची ठेवण वेगळी असते. हरिणाचे तोंड अरुंद, ते कोवळे पान वेचून खाते. रानम्हशीचे तोंड रुंद आणि जीभ लांब. ती उंच गवताला जिभेचा वेढा घालून झुपकाच्या झुपका ओढून घेते. निवड करण्यापेक्षा पोट भरण्यावर तिचा भर असतो. त्यामुळे इतरांना नकोसे झालेले जून, काडीदार गवतही तिला चालते, आणि तिने तुडवून, खाऊन बुटक्या केलेल्या गवतात मग लहान चरणाऱ्यांना खालचे कोवळे फुटवे सापडतात. दिवसरात्र मिळून ती आठ-दहा तास चरते आणि जवळपास तितकाच वेळ रवंथ करते. हे वेळापत्रक तिच्या आयुष्याचा कणा आहे. काळ्या रंगाचे एवढे मोठे शरीर दुपारच्या उन्हात लवकर तापते, म्हणून ऐन दुपारी कळप सावलीत बसतो, रवंथ करतो, आणि चरण्याचा मोठा हिस्सा संध्याकाळी व रात्री उरकतो. ज्यांनी म्हशी फक्त दिवसा पाहिल्या आहेत, त्यांना हा प्राणी आळशी वाटतो. त्यांनी तिचा कामाचा वेळ पाहिलेलाच नसतो.

पाण्याच्या बाबतीत तिला तडजोड करता येत नाही. इलंड किंवा ओरिक्ससारखे प्राणी पाण्यावाचून दिवसचे दिवस काढू शकतात. रानम्हशीला रोज पाणी लागते, आणि एका वेळी ती तीस-चाळीस लिटर पिऊ शकते. म्हणून वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ती जवळपास आढळत नाही, आणि उन्हाळ्यात पाणवठ्यापासून फार लांब जात नाही. माराला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना ऑगस्टमधील वाइल्डबीस्ट या हरिणवर्गीय प्राण्यांचे स्थलांतर पाहायचे असते, आणि त्या गर्दीत रानम्हशीही शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीतून चालत आल्या असाव्यात असा त्यांचा समज होतो. तसे नसते. रानम्हशीचा कळप आपल्या ठरलेल्या टापूतच वर्षभर फिरतो. पावसाळ्यात तो मोकळ्या माळावर पसरतो आणि कोरड्या दिवसांत नदीकाठच्या झाडीत, दलदलीच्या कडेला येतो, कारण इतरत्र सगळे वाळून गेल्यावरही तिथल्या गवतात थोडी ओल टिकून असते.

कोरड्या दिवसांचे हे दोन-तीन महिने म्हणजेच खरी परीक्षा. गवत तेव्हाही डोळ्यांना भरपूर दिसते, पण त्यात कस नसतो. गवतातील प्रथिनांचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या खाली गेले की, पोटातील चारा कुजवून पचवणारे जिवाणूच उपाशी पडतात. मग म्हैस पोटभर खाऊनही खंगत जाते. प्राणिशास्त्रज्ञ अँथनी सिंक्लेअर यांनी १९६० च्या दशकापासून सेरेंगेटीत केलेल्या अभ्यासातून हेच पुढे आले की, तिथल्या म्हशींची संख्या शेवटी सिंहांमुळे नव्हे तर कोरड्या दिवसांतील चाऱ्यामुळे आटोक्यात राहते. अशक्त झालेले जनावर मग रोगाने, गोचिडांनी किंवा सिंहाने मरते, पण त्याला तिथवर आणलेले असते गवताने.

हे उमगण्यापूर्वी मध्ये एक मोठा आडपडदा होता, तो बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाचा. आपल्याकडील जुन्या पशुपालकांना हे नाव चांगले ठाऊक आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस हा रोग बाहेरून आणलेल्या गुरांमधून आफ्रिकेच्या ईशान्य टोकावर उतरला आणि १८९७ च्या सुमारास थेट दक्षिण टोकाच्या केप प्रांतापर्यंत पोहोचला. मसाईंसारख्या पशुपालक समाजांची बहुतेक गुरे गेली, माणसे उपासमारीने मेली, आणि गुरांच्याच कुळातल्या असल्यामुळे रानम्हशींचे कळपच्या कळप साफ झाले. त्यानंतरही कित्येक दशके दरवर्षी लहान वासरे-रेडके या रोगाने मरत राहिली. सेरेंगेटीच्या आसपासच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या, तसा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस रानातील रोगही ओसरला, आणि म्हशींची संख्या झपाट्याने चढली. वाइल्डबीस्टचे आकडे तर थक्क करणारे आहेत : १९६१ मधील सुमारे अडीच लाखांवरून ते १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. रानातल्या कोणत्याही प्राण्याला कोणी लस टोचली नव्हती. टोचली होती ती फक्त गुरांना. २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले, पण माळावरचा खरा पालट त्याआधी अर्धे शतक होऊन गेला होता.

गवत, म्हैस आणि सिंह यांची साखळी किती घट्ट आहे, हे १९९३-९४ साली दिसले. १९९३ च्या भीषण दुष्काळात सेरेंगेटीतील म्हशी मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि उरलेल्यांच्या अंगावर गोचिडांचे थर चढले. सिंहांना खंगलेल्या म्हशींची आयती मेजवानी मिळाली, पण त्यांच्याबरोबर गोचिडांतून पसरणाऱ्या बाबेसिया या रक्तजंतूंचा भारही सिंहांच्या अंगी आला. त्याच सुमारास कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूची साथ आली. एरवी सिंह ज्या साथीतून तरून गेले असते, तिच्यात १९९४ मध्ये सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. २००१ मध्ये टांझानियातीलच न्गोरोंगोरोच्या विवरातही दुष्काळानंतर याच क्रमाने गोष्टी घडल्या. म्हशीचे पोट बिघडले की तिला खाणाऱ्याचेही बिघडते, ते असे.

कळपाचा गाभा माद्यांचा असतो. प्रौढ म्हशी, त्यांची रेडके, वयात येऊ लागलेल्या पारड्या आणि कोवळे रेडे असे पन्नासांपासून पाचशेपर्यंत, क्वचित हजाराहून अधिक प्राणी एकत्र राहतात. मादी जन्मली त्या कळपात बहुधा आयुष्य काढते, आणि म्हणून शेजारी चरणाऱ्या म्हशी अनेकदा एकमेकींच्या मायलेकी, बहिणी, मावश्या असतात. अलीकडच्या काळात गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून जे अभ्यास झाले, त्यांतून कळप फुटतात, दोन कळप काही दिवस एकत्र येतात आणि पुन्हा वेगळे होतात असेही दिसले. तेव्हा कळप म्हणजे बंदिस्त कुटुंब असे समजू नये. पण विसाव्याच्या वेळी त्यांना पाहिले की नाते जाणवते. हरणे एकमेकांपासून अंतर राखून बसतात. रानम्हशी पाठीला पाठ लावून, एकीच्या बरगडीवर दुसरीची हनुवटी टेकवून बसतात. आंधळी किंवा लंगडी म्हैसही अशा कळपात वर्षानुवर्षे तगल्याची उदाहरणे आहेत. कोणी तिची सेवा करते म्हणून नव्हे, तर शेकडो पायांचा आवाज आणि वास तिला वाट दाखवतो म्हणून.

या कळपाला पुढारी असतो का? आकाराने सर्वांत मोठा रेडा पाहून पाहुणे त्यालाच म्होरक्या ठरवतात. तो म्होरक्या नसतो. टांझानियातील लेक मन्यारा येथे १९८० च्या दशकात हर्बर्ट प्रिन्स या डच संशोधकाने म्हशींचे जे निरीक्षण केले, ते या विषयातील मला सर्वांत मोलाचे वाटते. दुपारच्या विसाव्यात एखादी म्हैस मध्येच उठते, थोडी सरकते, एका दिशेला तोंड करून मिनिटभर उभी राहते आणि पुन्हा खाली बसते. प्रिन्सनाही सुरुवातीस वाटले की, ती आखडलेले अंग मोकळे करत असावी. पण नोंदी जुळवल्यावर लक्षात आले की, तासाभरात ज्या ज्या प्रौढ माद्या उठल्या त्यांच्या तोंडाच्या दिशांची सरासरी काढली, तर अंधार पडताना कळप जवळपास त्याच दिशेला चालू लागतो. रेड्यांनी कुठे पाहिले याचा त्या निर्णयावर परिणाम दिसला नाही. माद्यांच्या दिशाच दोन टोकांना असल्या, तर कधीकधी कळप त्या रात्रीपुरता दुभंगून वेगवेगळ्या ठिकाणी चरला.

हे पाहायचे असेल, तर घाईच्या सफारीत जमत नाही. दुपारी चारनंतर बसलेल्या कळपापासून बऱ्यापैकी अंतरावर गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि पाचनंतर लक्ष ठेवावे. उठलेल्या म्हशीची मान ही ओळखण्याची खूण आहे. विसाव्यात असते त्याहून ती वर असते, पण धोका हुंगताना नाक पुढे काढून जितकी उंच धरतात तितकी नसते. कान सैल असतात, जबडा बहुधा थांबलेला असतो. शेपूट एकदा-दोनदा हलते आणि ती पुढचे गुडघे मोडून पुन्हा बसते. गायबगळे तिच्या पायांतून बाजूला होतात आणि परत येतात. तेवढेच. पुढे सूर्य टेकताना पहिली म्हैस उठते ती पुन्हा बसत नाही, चालू लागते. तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि काही मिनिटांत सगळा कळप उभा राहतो. चालताना अधूनमधून जुन्या लोखंडी फाटकाची बिजागरी करकरावी तसा आवाज येतो, तो दिशा बदलण्याचा इशारा मानला जातो. माद्यांच्या या उठून दिशा दाखवण्याला अनेकजण सरळ ‘मतदान’ म्हणतात. मला तो शब्द जरा सढळ वाटतो. पण ज्या माद्यांना गाभण राहायचे, पाजायचे आणि कसदार गवत शोधायचे असते, त्यांच्याच कलाने कळप चालतो, एवढे त्यातून निश्चित होते.

अर्थात, सगळ्या माद्या सारख्या नसतात. चालत्या कळपात पुढे आणि मध्ये राहणाऱ्या म्हशींना न तुडवलेले गवत मिळते. मागे रेंगाळणाऱ्यांच्या वाट्याला उरलेसुरले खुंट येतात आणि सिंहाचे पहिले लक्ष त्यांच्यावर जाते. मागे कोण असते? म्हाताऱ्या, आजारी, आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशी. गाभणपण सुमारे साडेअकरा महिन्यांचे असते, म्हणून दर वर्षी वेत होणे अवघडच. साधारण पाचव्या वर्षी पहिले रेडकू आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आसपासचे अंतर हे सर्वसामान्य आहे. बहुतेक रेडके पावसाळ्यात जन्मतात, म्हणजे हिरव्या गवतावर आईला दूध फुटते. जन्मलेले रेडकू लवकरच उभे राहते, पण कळपाच्या चालीने चालायला त्याला काही आठवडे लागतात, आणि तोवर आई मागे पडते. या घाईचा परिणाम पाजण्याच्या पद्धतीत दिसतो. आपल्या गोठ्यातले रेडकू आईच्या कुशीला आडवे उभे राहून पिते; आफ्रिकेतील रेडकू पुष्कळदा मागून, आईच्या दोन मागच्या पायांमधून तोंड घालून कासेला लागते, म्हणजे आई चालत असली तरी त्याला ओढले जात चार घोट घेता येतात. मोकळ्या माळावर हे दृश्य दुर्बिणीतून सहज दिसते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विचित्रही वाटते.

आता सिंह. सिंहांच्या टोळीला एक रानम्हैस म्हणजे अनेक दिवसांचे अन्न, म्हणून मन्यारा, क्रुगर अशा कित्येक ठिकाणी ती सिंहाच्या आहारातला मोठा भाग असते. पण ती शिकार स्वस्त नसते. शिंगाने फाटलेले पोट किंवा लाथेने मोडलेला जबडा सिंहाला भुकेने मारतो. यामुळे सिंह कळपावर तुटून पडत नाहीत. ते कळप पळायला लागण्याची वाट पाहतात. पळत्या कळपात मागे कोण राहते हे त्यांना दिसते, उभ्या कळपात मात्र फक्त शिंगांची रांग दिसते.

२००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात एका पर्यटकाने टिपलेल्या आणि पुढे जगभर पाहिल्या गेलेल्या चित्रफितीत सिंहांनी पाण्याकाठी पकडलेले रेडकू, त्याला पाण्यातून ओढणारी मगर, आणि थोड्या वेळाने परतून सिंहांना पिटाळणारा कळप दिसतो. ते चित्रण खरे आहे आणि तसे वागणे अपवादात्मकही नाही. कळपात पकडलेले रेडकू रेकते, त्या आवाजाने माद्या वळतात, आणि आठ-दहा जणी नाक पुढे काढून पावलापावलाने जवळ येऊ लागल्या की मागच्यांना धीर येतो. एकटी म्हैस क्वचितच चाल करते. चाल होते ती संख्या जमल्यावर, आणि मग रेडे-म्हशी असा भेद राहत नाही. मात्र प्रत्येक वेळी असे होते असे समजू नये. रेडकू ओरडायचे थांबले, झाडी दाट असली, किंवा कळप आधीच दोनशे मीटर पुढे गेला असला, तर आई थोडी घुटमळते, हुंगते आणि कळपामागे निघून जाते. हे पाहून कित्येक पाहुणे हळहळतात आणि तिला निष्ठुर ठरवतात. एकटीच मागे राहिली, तर रेडकू वाचत नाहीच आणि तीही जाते, हे हिशेबाचे काम तिच्या वंशाने कधीच करून ठेवले आहे.

रेड्यांचे आयुष्य वेगळ्या चालीचे असते. कोवळा रेडा तीन-चार वर्षांचा होईपर्यंत आईच्या कळपात असतो, मग बरोबरीच्या रेड्यांबरोबर हिंडू लागतो. ऐन उमेदीतला रेडा वर्षाचा काही काळ कळपात आणि काही काळ रेड्यांच्या टोळीत काढतो, आणि यामागचे कारण पुन्हा गवतच आहे. कळपात असताना त्याला माजावर आलेली मादी हुडकायची, तिच्या मूत्राचा वास घेऊन ओठ मुडपत अंदाज बांधायचा, तिच्यामागे राहायचे आणि दुसऱ्या रेड्यांना दूर ठेवायचे असते. चरायला वेळ उरत नाही. काही आठवड्यांत तो झडतो, त्याचा रुबाब उतरतो, आणि तेव्हा तो टोळीत परत जाऊन अंग भरून घेतो. झुंजी पुष्कळ होतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक वाद डोके उंच धरून, आडवे उभे राहून आपला आकार दाखवण्यातच मिटतात, आणि हरलेला मान खाली घालून, शिंगे मागे टाकून बाजूला होतो. खरी टक्कर झालीच तर ती क्षणात संपते. पाऊण टनाचे दोन देह कपाळावर आपटतात, तो आवाज बऱ्याच लांबून ऐकू येतो.

दहा-बारा वर्षांनंतर रेड्याला कळपात जागा उरत नाही. अंगावरचे केस विरळ होतात, कानांच्या चिंध्या झालेल्या असतात, शिंगांची टोके झिजलेली असतात. असे रेडे दोघे-चौघे मिळून किंवा अगदी एकटे पाणवठ्याजवळ राहतात. केनियातील वाटाडे त्यांना थट्टेने ‘निवृत्त जनरल’ म्हणतात, दक्षिणेकडे ‘डग्गा बॉइज’ म्हणजे चिखलात लोळणारे म्हणतात. त्यांना मोठ्या अंतराची चाल झेपत नाही, आणि त्यांच्यापुरते गवत नदीकाठी असते, त्यामुळे त्यांचा टापू लहान असतो. चारा कळपातल्यापेक्षा बरा मिळतो, पण पाठीशी पाठ लावणारे कोणी नसते. सिंहांनी मारलेल्या म्हशींत अशा रेड्यांचा भरणा मोठा असतो, तो यामुळेच.

प्रश्नाचा मुख्य भाग इथे सुटतो. कळपातील म्हैस माणसाचा वास लागताच बहुधा काय करते? नाक वर करून पाहते, फुरफुरते, आणि सगळा कळप धूळ उडवत निघून जातो. इतक्या डोळ्या-कानांपुढे धोका लांबूनच कळतो आणि पळायला अंतर असते. एकटा म्हातारा रेडा मात्र झुडपात बसून रवंथ करत असतो. त्याला ऐकू आणि दिसायला बेताचेच येते, भिस्त असते ती वासावर. वारा उलटा असला, तर पायी चालणारा माणूस पंधरा-वीस पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग जो अचानक जवळ आला तो सिंह की माणूस, हे ठरवायला त्याला वेळ नसतो. पळून सुटका होत नाही हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, म्हणून तो चाल करतो. त्यात अनेक रेड्यांच्या पायात किंवा मानेत चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेल्या तारेच्या फासाची जखम चिघळत असते, आणि अशा जनावराला काहीही सोसवत नाही. जखमी रेडा वळसा घालून शिकाऱ्याच्या वाटेवर दबा धरतो, अशा कथा शिकारीच्या गप्पांत फार रंगवल्या जातात. जखमी प्राणी दाट झाडीत शिरतो आणि ज्या बाजूने त्रास आला त्या बाजूला तोंड करून उभा राहतो, एवढेच पुष्कळदा त्यात घडलेले असते. मागावर आलेल्याला मात्र ते कपटच वाटते.

रानम्हैस वर्षाला अमुक इतकी माणसे मारते, असे आकडे सगळीकडे फिरतात. मी त्यांवर भिस्त ठेवत नाही. कोण मरते, हे मात्र स्पष्ट आहे. गाडीतून फिरणारे पर्यटक फारच क्वचित. पहाटे पाण्याला निघालेल्या बायका, सरपण गोळा करणारी माणसे, गुरे राखणारी मुले, आणि रात्री शेतावरून घरी येणारे शेतकरी यांच्यावरच बहुतेक हल्ले होतात, कारण नदीकाठची पायवाट रेड्याला आणि माणसाला एकच असते.

म्हणून पायी सफारीचा विचार असेल, तर पुढील गोष्टी पाळाव्यात. शस्त्रधारी रेंजरवाचून निघू नये आणि त्याच्या पुढे जाऊ नये. नदीकाठची दाट झुडपे पहाटे आणि तिन्हीसांजेला टाळावीत, आणि वळसा पडला तरी मोकळ्या जागेतून चालावे. ऑक्सपेकर या पक्ष्यांकडे लक्ष ठेवावे. लाल किंवा पिवळ्या चोचीचे हे लहान पक्षी म्हशीच्या अंगावर बसून गोचिडे टिपतात आणि माणूस दिसला की फिस्कारल्यासारखा आवाज करत उडतात. झुडपातून ते उडाले, तर त्यांच्याखाली मोठे जनावर आहे असेच धरून जागच्या जागी थांबावे. रेडा दिसला आणि त्याने आपल्याला पाहिले नसेल, तर आल्या वाटेने मागे फिरावे. त्याने पाहिले असेल, तर त्याच्या आणि झाडीच्या किंवा पाण्याच्या मध्ये आपण उभे नाही ना, हे पाहावे. त्याला निसटायला वाट मोकळी असली की तो बहुधा तीच धरतो. नाक उंच करून नुसते टक लावून पाहणारा रेडा अजून ठरवत असतो, तेव्हा आरडाओरडा न करता, पाठ न दाखवता हळूहळू अंतर वाढवावे. चाल झालीच, तर मोकळ्या मैदानावर पळण्यात अर्थ नाही, कारण तो ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. जवळच्या झाडावर चढावे, तेही नसेल तर जाड बुंध्याआड जावे. काहीच हाताशी नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून जमिनीला चिकटून पालथे पडावे, कारण त्याची शिंगे खालून वर उचलण्यासाठी वळलेली असतात आणि सपाट पडलेल्या अंगाखाली ती घालणे त्याला अवघड जाते. त्यानेही इजा टळेल याची हमी नाही.

एक गोष्ट पाहुणे हमखास विसरतात. माराच्या आणि केनियातल्याच नैवाशा तलावाकाठच्या कित्येक निवासांत हिरवळीला पाणी घातलेले असते, कुंपण नसते, आणि म्हातारे रेडे रात्री तिथे निवांत चरतात, कारण उजेड आणि माणसांच्या वावरामुळे सिंह तिकडे कमी फिरकतात. जेवणघर तंबूपासून पन्नास पावलांवर असले, तरी अंधार पडल्यावर एकट्याने निघू नये. तंबूच्या दारातून टॉर्चने खूण करावी आणि अस्कारी म्हणजे पहारेकरी येईपर्यंत आतच थांबावे.